जुन्या थिंकपॅडचा पासवर्ड विसरलात? बॅटरी काढायच्या आधी हे वाचा

लॅपटॉपचा पासवर्ड विसरला म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "सीमॉसचा सेल काढ, दहा मिनिटं थांब, परत लाव." (सीमॉस म्हणजे मशीनच्या सेटिंग लक्षात ठेवणारी मदरबोर्डवरची छोटी मेमरी, आणि सेल म्हणजे तिला वीज देणारी चपटी बॅटरी.) जुन्या डेस्कटॉपवर हा सल्ला बरेचदा चालून जातो. जुन्या थिंकपॅडवर मात्र याच सल्ल्याने नीट चालणारं मशीन ठप्प होऊ शकतं. म्हणून सेल कधी काढायचा आणि कधी त्याला हातही लावायचा नाही, हे आधी समजून घेऊ.

हा लेख साधारण २००० ते २०१२ या काळातल्या थिंकपॅडबद्दल आहे: टी, एक्स आणि आर मालिका, आयबीएमच्या नावाचे आणि नंतर लेनोवोचे. ही मशीनं मजबूत, कीबोर्ड उत्तम, लिनक्स त्यांच्यावर मजेत चालतं, त्यामुळे सेकंड हँड बाजारात ती अजूनही फिरतात. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला माल असतो आणि आधीच्या आयटी विभागाने घातलेला पासवर्ड पुष्कळदा तसाच राहून गेलेला असतो. इतर ब्रँडचं थोडक्यात शेवटाकडे सांगितलं आहे.

मशीन तुमचं आहे असं मी धरून चालतो. खरेदीचं बिल शोधून जवळ ठेवा. कंपनीच्या सेवा केंद्रात ते लागतंच, आणि चांगला रिपेअरवालाही ते मागतो. न मागणाऱ्याकडे मशीन देऊ नका.

कुलूप नेमकं कुठलं?

नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. "पासवर्ड" म्हणजे एकच गोष्ट नव्हे. थिंकपॅडवर तीन हार्डवेअर पासवर्ड असतात आणि तिघांचा मुक्काम तीन वेगळ्या ठिकाणी असतो. (विंडोजचा लॉगिन पासवर्ड यात धरलेला नाही. विंडोजचा लोगो दिसल्यानंतर विचारला जातो तो त्याचा, आणि त्याचं औषध वेगळं.)

पहिला पॉवर-ऑन पासवर्ड. मशीन सुरू करताच, विंडोजच्या कितीतरी आधी विचारला जातो. हा सेलवर जगणाऱ्या छोट्या मेमरीत असतो.

दुसरा सुपरवायझर पासवर्ड. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंगमध्ये शिरताना विचारला जातो. हा मदरबोर्डवरच्या ईईप्रॉम नावाच्या चिपमध्ये लिहिलेला असतो. या चिपला लक्षात ठेवायला वीज लागत नाही. सेल काढून मशीन वर्षभर माळ्यावर टाकलं तरी पासवर्ड जागच्या जागी.

तिसरा हार्ड डिस्क पासवर्ड. हा लॅपटॉपमध्ये नसतोच, खुद्द डिस्कमध्ये असतो.

सेल काढायचा सल्ला आला कुठून, तेही बघू. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्यात एकूण ६४ बाइट मेमरी. त्यातले १४ बाइट घड्याळाचे, उरलेल्या ५० मध्ये मशीनच्या सेटिंग. वीज गेली की सगळं पुसलं जायचं, म्हणून सोबत बॅटरी. पुढे पीसीवर पासवर्ड आले तेही याच मेमरीत जाऊन बसले, आणि बॅटरी काढली की पासवर्ड जातो हे ज्ञान तोंडोतोंडी पसरलं. लॅपटॉप चोरीला जायला लागल्यावर हे कुलूप म्हणजे नुसती कडी आहे हे कंपन्यांना कळलं आणि महत्त्वाचा पासवर्ड त्यांनी चिपमध्ये हलवला. सल्ला मात्र होता तिथेच राहिला.

तर आता तपासणी. चार्जर लावा, मशीन सुरू करा आणि थिंकपॅडचा लोगो दिसताच एफ१ दाबा. पुढे काय दिसतं ते कागदावर लिहून ठेवा.

कुठलाही पासवर्ड न मागता बायोस उघडलं आणि सगळ्या सेटिंग बदलता येतात: हार्डवेअरचं कुलूपच नाही, तुमची अडचण विंडोजची आहे.

मशीन एरवी विंडोजपर्यंत जातं, फक्त एफ१ दाबल्यावर पासवर्ड मागतं: सुपरवायझर.

सुरू करताच कुलपाचं चित्र येतं आणि मशीन तिथेच थांबतं: पॉवर-ऑन किंवा हार्ड डिस्क. कुलपाशेजारी डब्यासारखा गोल सिलिंडर दिसला तर तो डिस्कचा. खात्री करायची असेल तर मशीन बंद करा, चार्जर आणि बॅटरी काढा, डिस्क बाहेर काढा आणि पुन्हा सुरू करा. प्रश्न गायब झाला तर कुलूप डिस्कला होतं. बहुतेक टी मालिकेत डिस्क एका स्क्रूवर बाहेर सरकते, त्यामुळे दोन मिनिटांचं काम आहे.

स्क्रीनवर एखादा आकडा आला तर तोही टिपा. ०२७१ म्हणजे तारीख-वेळ बिघडली आहे. ०२५१ म्हणजे सेटिंगच्या मेमरीची बेरीज जुळत नाही. ०१९९ म्हणजे चुकीचा पासवर्ड मर्यादेपेक्षा जास्त वेळा टाकला गेला. ०१७७ दिसला तर सुपरवायझर पासवर्डची चिपमधली नोंदच खराब झाली आहे, मग घरगुती उपाय थांबवा.

आधी आठवून बघा, पण शिस्तीत

अंदाधुंद पासवर्ड टाकत बसू नका. कागदावर यादी करा, एकेक टाका, खूण करा. तीन चुका झाल्या की मशीन अडून बसतं. बंद करून पुन्हा सुरू करा, एवढंच.

यादी करताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडवर पासवर्ड जास्तीत जास्त सात अक्षरांचा असायचा, तोही फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. नंतरच्या मॉडेलांत लांबलचक पासवर्डाची सोय आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागे. म्हणजे तुमचा नेहमीचा पासवर्ड दहा अक्षरांचा आणि मध्ये ॲट द रेटची खूण असलेला असेल, तर तो इथे नव्हताच. त्या काळी सात अक्षरांत काय बसवलं असेल याचा विचार करा: गाडीचा नंबर, गावाचं नाव, मुलाचं लाडाचं नाव.

लहान-मोठ्या लिपीची काळजी जुन्या मॉडेलांवर नको. ती मशीनं अक्षर लक्षात ठेवत नाहीत, दाबलेल्या बटणाचा क्रमांक लक्षात ठेवतात. समजा पासवर्ड 'नगर' हे नाव इंग्रजी स्पेलिंगने टाकलं होतं: एन, ए, जी, ए, आर. चिपमध्ये जातात ते आकडे ३१, १ई, २२, १ई, १३ (कॉम्प्युटरच्या सोळाच्या मोजणीत 'ई' हाही अंकच). शिफ्ट दाबली काय न दाबली काय, बटण तेच, आकडा तोच. याच कारणाने बायोसला मराठी कीबोर्ड कळत नाही. इनस्क्रिप्टची सवय असेल तर बोटं इंग्रजी जागांवर न्या.

आता नम लॉक. जुन्या थिंकपॅडवर वेगळा नंबर पॅड नाही. नम लॉक चालू असेल तर यू, आय, ओ, जे, के, एल ही बटणं अक्षरांऐवजी आकडे देतात. स्क्रीनवर सगळ्यांच्या जागी सारख्याच खुणा उमटतात, त्यामुळे पत्ता लागत नाही आणि बरोबर पासवर्डही चूक ठरतो. नम लॉकचा दिवा बघा. लागलेला असेल तर स्क्रोल लॉकच्या बटणावरच नम लॉक असतो, शिफ्ट किंवा एफएन धरून तो बंद करा. एखादं बटण चिकटलेलं किंवा मेलेलं असेल अशी शंका आली तर यूएसबी कीबोर्ड लावून बघा. जुन्या कीबोर्डात चहा सांडलेला असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

मशीन सेकंड हँड असेल तर विक्रेत्याला फोन करा. एका कंपनीतून आलेल्या गठ्ठ्यातल्या सगळ्या मशीनना बहुधा एकच सुपरवायझर पासवर्ड असतो, आणि तो दुकानदाराच्या वहीत असू शकतो.

पॉवर-ऑन पासवर्ड: इथे सेल काढायचा

सुपरवायझर पासवर्ड माहीत असेल तर पॉवर-ऑनच्या प्रश्नाला तोच टाका, चालतो. आत जाऊन पॉवर-ऑन पासवर्ड काढून टाका.

सुपरवायझर पासवर्ड घातलेलाच नाही अशी खात्री असेल, तर आणि तरच, सेलकडे वळा. आयबीएमच्या दुरुस्तीपुस्तिकेतली पद्धत अशी आहे:

१. मशीन बंद करा. चार्जर काढा, मुख्य बॅटरी काढा.
२. तुमच्या मॉडेलमध्ये सेल कुठे आहे ते लेनोवोच्या हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये बघा. ही पुस्तिका मोफत मिळते, आणि स्क्रू कुठला कितव्या लांबीचा इथपर्यंत चित्रांसह माहिती देते. कुठे पाम-रेस्टखाली, कुठे तळाच्या झाकणाखाली असा सेल असतो. दिसायला प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेली चपटी चकती, तिला दोन वायरी आणि टोकाला छोटा कनेक्टर.
३. कनेक्टर वायरीला धरून ओढू नका. नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही बाजूंनी सैल करून उचला.
४. सेल बाहेर असतानाच चार्जर लावून मशीन सुरू करा. सुरुवातीची तपासणी पूर्ण होऊ द्या. पॉवर-ऑनचा प्रश्न यायला नको.
५. बंद करा, चार्जर काढा, सेल परत लावा. सुरू करून एफ१ दाबा, तारीख-वेळ घाला, एफ१० ने जतन करा.

'खात्री असेल तरच' यावर इतका भर का? सेल काढला की घड्याळही शून्यावर जातं. पुढच्या वेळी मशीन ०२७१ सारखी चूक दाखवतं आणि तारीख घालायला तुम्हाला बायोसमध्ये नेतं. तिथे दारात सुपरवायझर पासवर्ड उभा. तो माहीत नाही, म्हणून तारीख घालता येत नाही. तारीख नाही, म्हणून मशीन पुढे जात नाही. काल विंडोजपर्यंत जाणारं मशीन आज दारातच अडकलं. सेल वयोमानाने आपोआप संपला तरी हेच होतं. वर्षानुवर्षं पडून असलेलं मशीन बाहेर काढल्यावर अचानक पासवर्ड मागू लागतं, त्यामागे बरेचदा हीच गोम असते.

सुपरवायझर पासवर्ड: खरा तिढा

आधी स्वतःला विचारा, हा काढायची गरज आहे का? मशीन चालतंय, फक्त बायोसमध्ये जाता येत नाही, एवढीच तक्रार असेल तर एफ१२ दाबून बघा. सुरुवात कुठून करायची ती यादी उघडली आणि तीत पेन ड्राइव्ह दिसला, तर नवं विंडोज किंवा लिनक्स टाकायला बायोसची गरजच नाही. पुष्कळांचं काम इथेच भागतं. सेल संपेपर्यंतची ही मुदत आहे, हे मात्र विसरू नका.

काढायचाच असेल तर अधिकृत उत्तर कडू आहे. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की सुपरवायझर पासवर्ड विसरला तर सेवा केंद्र तो काढून देऊ शकत नाही, मदरबोर्ड बदलावा लागतो. पंधरा वर्षांच्या मशीनला नवा बोर्ड मिळत नाही, मोडीतल्या मशीनचा मिळतो. तसा बोर्ड घेताना त्यालाही कुलूप नाही ना, हे चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

अनधिकृत उत्तर म्हणजे चिप वाचणं. टी२० पासून टी४२ पर्यंतच्या पिढीत ॲटमेलची २४आरएफ०८ ही चिप होती, क्षमता १ किलोबाइट, आणि तिच्यात पासवर्ड वर सांगितल्याप्रमाणे बटणांच्या क्रमांकांत, कसलंही सांकेतिकीकरण न करता लिहिलेला असायचा. चिपच्या डेटा, क्लॉक आणि ग्राउंड या तीन पायांना वायरी जोडून आतला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवला की आकड्यांवरून पासवर्ड वाचता येतो. पद्धत सरळ आहे, पण पाय तांदळाच्या कणीहून बारीक. टी४३ पासून पासवर्ड असा उघडा मिळत नाही, तिथे मामला किचकट होतो.

ही चिप नाजूक आहे, याचा एक जुना दाखला आहे. लिनक्सवर तापमान वगैरे मोजणारं एलएम-सेन्सर्स नावाचं साधन काही थिंकपॅडवर चालवलं की त्याच्या नुसत्या चाचपणीने या चिपमधला मजकूर बिघडायचा आणि मशीन पुन्हा सुरूच व्हायचं नाही. शेवटी त्या साधनात थिंकपॅड ओळखून दूर राहायची सोय करावी लागली.

इंटरनेटवर आणखी एक युक्ती सर्रास दिसते: मशीन सुरू होताना चिपचे डेटा आणि क्लॉक हे दोन पाय क्षणभर एकमेकांना टेकवायचे, म्हणजे बायोसला पासवर्ड वाचता येत नाही आणि ते आत सोडतं. काही मॉडेलांवर हे चालतं. वेळ चुकली किंवा सुई शेजारच्या पायाला लागली तर ०१७७ पदरात, नाहीतर बोर्ड मेलेला. पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हातात धरणाऱ्याने हे घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा चिप-लेव्हल काम करणारा माणूस गाठा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कारागीर बसतात, बाकी शहरांतही कॉम्प्युटर बाजारात सापडतात. दोन प्रश्न विचारा. "चिप वाचून आधी बॅकअप घेणार का?" आणि "दोनदा वाचून जुळवून बघणार का?" दोन्हीला 'हो' म्हणणारा आणि मायक्रोस्कोपखाली काम करणारा भेटला तर मशीन द्या. डिस्क काढून घरी ठेवा, तिची त्याला गरज नसते.

हार्ड डिस्कचा पासवर्ड: वस्तू विसरा, माहितीही बहुधा विसरा

डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी कुलूप तिच्यासोबत जातं. डिस्कच्या जोडणीच्या १९९७च्या एटीए-३ मानकापासून ही सोय डिस्कच्या आतच आहे. पाच चुकीचे प्रयत्न झाले की वीज बंद-चालू केल्याशिवाय डिस्क ऐकून घेत नाही.

एक आशा असते. या कुलपाला दोन किल्ल्या असू शकतात, यूजर आणि मास्टर. थिंकपॅडवर डिस्कच्या प्रश्नापाशी एफ१ दाबलं की मशीन मास्टर पासवर्ड मागतं. कंपनीचं मशीन असेल तर आयटी विभागाकडे मास्टर असू शकतो, तिथे विचारा. दोन्ही हरवले तर निर्माता ना पासवर्ड काढून देतो, ना माहिती. डिस्क पुसून पुन्हा वापरायची म्हटली तरी पुसायच्या आज्ञेलाही यातला एक पासवर्ड लागतोच. आत अमूल्य फोटो असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याला मॉडेल नंबर सांगून विचारा, खर्च लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त येईल या तयारीने.

माहिती नको असेल तर नवी डिस्क घाला. टी६० पासून पुढे साधी अडीच इंची साटा एसएसडी बसते आणि मशीन तरतरीत होतं. टी४३ आणि त्याआधीच्या मशीनला आयडीई, म्हणजे जुन्या प्रकारच्या जोडणीची, डिस्क लागते, ती जुन्या मालातच शोधावी लागेल. टी४३ वर परकी डिस्क घातली की २०१० क्रमांकाची सूचना येते. एस्केप दाबा, पुढे जा.

दुसऱ्या ब्रँडचं असेल तर

डेल: कुलपाच्या पडद्यावर सात अक्षरी सर्व्हिस टॅग (मशीनचा ओळख क्रमांक) आणि त्यापुढे छोटी रेघ देऊन चार अक्षरं दिसतात. पूर्वी दोन्ही टिपून, मालकीचा पुरावा घेऊन डेलच्या ग्राहक सेवेला विचारता यायचं. मालकी पटली तर बऱ्याच मॉडेलांना ते सोडवणूक-कोड द्यायचे. २०२४ पासून लॅपटॉपसाठी ही सोय डेलने बंद केली आहे.

फिनिक्स कंपनीचं बायोस असलेल्या अनेक जुन्या मशीनवर तीन चुकांनंतर पाच आकडी संख्या येते. ही संख्या म्हणजे पासवर्डची सोळा बिटांत दाबलेली बेरीज, म्हणजे ती कधीच ६५५३५ च्या वर जात नाही. इतक्या थोड्या शक्यता असल्याने तीच बेरीज देणारा कुठलाही दुसरा शब्द चालून जातो आणि तो शोधून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना मूळ पासवर्ड कळण्याची गरजच पडत नाही. असा शब्द मिळाला तर तो तुमचा पासवर्ड नसेल, तरी दार उघडेल.

एचपीची बिझनेस मॉडेलं अवघड असतात, बिल घेऊन सेवा केंद्र गाठा. इंटेल मॅकवर फर्मवेअर पासवर्ड असेल तर ॲपलचं अधिकृत केंद्र मूळ खरेदीचं बिल बघूनच तो काढतं. सेकंड हँड मॅक घेताना मूळ बिलाची प्रत मागून घ्या.

आत शिरल्यावर

बायोस उघडलं की लगेच सिक्युरिटीमध्ये पासवर्डच्या ओळीवर जा. सुपरवायझर निवडा, सध्याचा पासवर्ड टाका, नव्याच्या दोन्ही जागा रिकाम्या सोडून एंटर दाबा. एफ१० ने जतन करा. बंद करून पुन्हा एफ१ दाबा, आणि काही न विचारता आत सोडतं का ते पाहा.

आता, आणि आत्ताच, नवा सेल घाला. कुलूप नसताना सेल बदलायला काही भीती नाही. आकार बहुधा नेहमीच्या सीआर२०३२ चा असतो, पण वायर-कनेक्टर जोडलेला तयार सेलच मागा. साध्या सेलवर घरी वायर सोल्डर करायला जाऊ नका, उष्णतेने लिथियम सेल फुटू शकतो. सेल लावला की एफ१, तारीख, वेळ, एफ९ ने मूळ सेटिंग, एफ१० ने जतन, आणि मगच तळाचे स्क्रू आवळा.